अजून पाण्याखाली असलेल्या जमिनीवर मुंबईने पैसा लावला आणि प्रेमचंद रायचंद शहरासकट बुडाले

मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेने चालत गेलं की राजाबाई टॉवर दिसतोच. २८० फूट उंचीचा हा टॉवर बांधून झाला तेव्हा मुंबईत त्याच्यापेक्षा उंच काही नव्हतं. आज त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढणाऱ्या बहुतेकांना राजाबाई कोण, हे माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं ते सांगतात की एका श्रीमंत शेअर दलालाने आपल्या आईच्या नावाने हा टॉवर बांधला.

हे खरंच आहे. पण त्यातली एक गोष्ट सांगायची राहून जाते.

टॉवरसाठी पैसे दिले १८६४ साली. पायाचा दगड बसला १ मार्च १८६९ रोजी. या पाच वर्षांच्या मध्ये मुंबईचा बाजार कोसळला होता, सरकारची भागीदारी असलेली बँक बुडाली होती, शेकडो घरांचं दिवाळं निघालं होतं आणि ज्याने पैसे दिले तो दलाल स्वतः कफल्लक झाला होता. एवढंच नाही, तर या सगळ्याला जबाबदार कोण असं विचारलं की लोक त्याच्याचकडे बोट दाखवत होते.

त्या दलालाचं नाव प्रेमचंद रायचंद.

जागेत पैसा कधी घालावा, कर्ज किती काढावं, बाजार अनिश्चित असताना काय करावं, हे आज बिझनेस स्कूलमध्ये शिकवलं जातं. मुंबईला हा धडा १८६५ सालीच मिळाला होता आणि त्याची फी फार मोठी होती.

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ सालचा, सुरतच्या एका जैन व्यापारी घरातला. वडील रायचंद दीपचंद. एकेकाळी सुरत म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं बंदर, पण तोवर तिचे दिवस फिरले होते. व्यापार मुंबईला सरकला होता आणि त्याच्यामागे सुरतेची माणसंही. रायचंद यांनीही कुटुंबासह मुंबई गाठली.

प्रेमचंद मुंबईत शिकले आणि इंग्रजी शिकले. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या काळात कापूस विकत घेणाऱ्या पेढ्या इंग्रजांच्या होत्या, बँकांचे साहेब इंग्रज होते आणि कागदपत्रं इंग्रजीत होती. बाजारातला दलाल मात्र खुणांवर, तोडक्यामोडक्या भाषेवर आणि दुभाष्यावर काम चालवायचा. इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारा पहिला देशी शेअर दलाल म्हणून प्रेमचंद यांचं नाव घेतलं जातं.

रतनचंद लाला नावाच्या दलालाच्या हाताखाली त्यांनी काम सुरू केलं. तेव्हा शेअर बाजार अशी इमारत नव्हती. टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडांखाली दलाल जमायचे. १८५५ च्या सुमारास तिथे वीसबावीस माणसं असायची. विकायला शेअरही फारसे नव्हते. दोनचार बँका, काही कापूस दाबायचे प्रेस, एवढंच.

प्रेमचंद सौदे कागदावर लिहून ठेवत नसत, सगळं डोक्यात असायचं, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. आकडा विसरायचा नाही आणि शब्द फिरवायचा नाही, या दोन गोष्टींवर त्यांचं नाव झालं. तिशीच्या आतच ते मुंबईतल्या मोठ्या दलालांत गणले जाऊ लागले.

आणि मग सातासमुद्रापलीकडे एक युद्ध सुरू झालं.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालायच्या. भारताचा कापूस आखूड धाग्याचा आणि कचरा असलेला, म्हणून दुय्यम. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. कापूस पिकत होता दक्षिणेत, तो तिथेच अडकला.

लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला लागल्या. गिरणीवाल्यांना मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने कापूस हवा होता. त्यांची नजर भारताकडे वळली. १८६२ साली ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी बहुतांश कापूस एकट्या भारतातून जात होता.

खानदेश, वऱ्हाड, गुजरात, दख्खन, सगळीकडचा कापूस मुंबई बंदराकडे निघाला. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला जुना कापूसही विकला, अशा गोष्टी आजही सांगितल्या जातात.

या धंद्यात खरा खेळ होता बातमीचा. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव काय, हे मुंबईत आधी कोणाला कळतं त्यावर कमाई ठरायची. बातमी यायची बोटीने, काही आठवडे जुनी होऊन. बोट धक्क्याला लागायची वाट न बघता प्रेमचंद यांनी छोट्या होड्या समुद्रात पाठवून बातम्या आधीच मिळवायला सुरुवात केली, असं म्हणतात. बाकीचे धक्क्यावर उभे असायचे तोवर प्रेमचंद यांचे सौदे झालेले असायचे.

युद्धाच्या पाच वर्षांत मुंबईला नेहमीच्या भावापेक्षा वरचे म्हणून जे पैसे मिळाले, त्याचा अंदाज मुंबईच्या गॅझेटियरने ७ ते साडेसात कोटी पौंड असा दिला आहे. त्या काळच्या हिशेबाने ही रक्कम ७० कोटी रुपयांच्या वर जाते.

आता प्रश्न असा होता की एवढ्या पैशाचं करायचं काय?

शहरात कापड गिरण्या जेमतेम सुरू झाल्या होत्या. पैसा जिरवतील असे उद्योग नव्हते. सोनं-चांदी घेऊन झालं. मग उरली जमीन.

जमिनीबद्दल मुंबईत आधीपासूनच ओरड होती. सात बेटं जोडून बनलेलं हे शहर, तिन्ही बाजूंनी समुद्र. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या काळात कोटाच्या जुन्या भिंती पाडायला घेतल्या होत्या. कापसाच्या पैशामागे माणसांचे लोंढे येत होते. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. घरभाडी चढली, गोदामं मिळेनाशी झाली, बंदरात माल उतरवायला धक्के पुरेनात.

शहराला जागा हवी होती ही गोष्ट खरी होती आणि जागा मिळण्याचा मार्ग एकच होता, समुद्रात भराव घालणं.

मलबार हिल ते कुलाबा या दोन टोकांच्या मध्ये जो समुद्र आत शिरतो, तो बॅक बे. आज त्याच्या काठाने मरीन ड्राइव्ह आहे. या पाण्यात भराव घालायचा, त्यातली एक पट्टी बीबीसीआय रेल्वेच्या रुळांसाठी द्यायची आणि उरलेली जमीन विकून नफा वाटायचा, अशी योजना घेऊन बॅक बे रेक्लमेशन कंपनी उभी राहिली. या कंपनीमागच्या मुख्य माणसांत प्रेमचंद रायचंद होते.

कंपनीचा शेअर ५ हजार रुपयांचा होता. त्या काळात ५ हजार म्हणजे सामान्य माणसाने आयुष्यात न पाहिलेली रक्कम. तरीही शेअर मिळवायला झुंबड उडाली आणि बघता बघता त्याचा भाव ५० हजारांच्या घरात गेला.

समुद्रात अजून भराव पडायचा होता. एक फूट जमीनही विकायला तयार नव्हती.

बॅक बेचा भाव बघून बाकीचे कसे मागे राहतील? एल्फिन्स्टन लँड कंपनी, माझगाव लँड कंपनी, कुलाबा लँड कंपनी, गव्हर्नरच्या नावाने फ्रियर लँड कंपनी, अशा जमीन कंपन्या निघाल्या. जमीन कंपन्यांना कर्ज द्यायला बँका निघाल्या. बँकांचे शेअर घ्यायला पैसे देणाऱ्या फायनान्शियल असोसिएशन निघाल्या.

जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका होत्या. त्यांच्या जोडीला १६ फायनान्शियल असोसिएशन, ८ जमीन कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि २० विमा कंपन्या. वडाखालचे वीसबावीस दलाल दोन-अडीचशेवर गेले.

या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होते. नवी कंपनी काढायची तर प्रेमचंद यांचं नाव हवं. त्यांचं नाव दिसलं की लोक कंपनी काय करणार आहे हे विचारायचेच नाहीत. भायखळ्याला लव्ह लेनमध्ये त्यांचा बंगला होता. सकाळपासून तिथे गर्दी असायची. कोणाला नव्या कंपनीचे दोन शेअर हवे असायचे, कोणाला कर्जासाठी शिफारस. व्यापारी, वकील, सरकारी अधिकारी, देशी आणि इंग्रज, सगळेच रांगेत. नव्या कंपनीचा शेअर मूळ किमतीला हातात पडणं म्हणजे लॉटरी लागणं, कारण बाजारात तो दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकता यायचा.

आता यातली खरी मेख कुठे होती ते बघायला हवं.

बँक ऑफ बॉम्बे ही काही कालची बँक नव्हती. १८४० साली सुरू झालेली, सरकार स्वतः भागीदार असलेली, शहरातली सगळ्यात भरवशाची बँक. सुरुवातीला तिच्यावर कडक बंधनं होती. कर्ज कशावर द्यायचं, किती द्यायचं, हे ठरलेलं होतं. १८६३ च्या नव्या कायद्याने ही बंधनं सैल केली आणि बँकेला कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देता येऊ लागलं.

समजा एखाद्याने बॅक बेचा शेअर घेतला. तो शेअर बँकेत तारण ठेवला आणि कर्ज काढलं. त्या कर्जातून दुसऱ्या जमीन कंपनीचा शेअर घेतला. तोही तारण ठेवला आणि नव्या बँकेचा शेअर घेतला. ती नवी बँक परत बॅक बेच्या शेअरवर लोकांना कर्ज देते आहे. मागणी वाढली म्हणून भाव चढला. भाव चढला म्हणून तारणाची किंमत वाढली. तारणाची किंमत वाढली म्हणून आणखी कर्ज मिळालं.

कागदावर सगळेच श्रीमंत. पण या सगळ्या साखळीच्या तळाशी होतं काय? अजून पाण्याखाली असलेली जमीन आणि परदेशात चाललेलं एक युद्ध.

बँक ऑफ बॉम्बेच्या सचिवांवर प्रेमचंद यांचा प्रचंड प्रभाव होता. प्रेमचंद यांची चिठ्ठी घेऊन गेलं की बँकेतून कर्ज मिळतं, तारण वगैरे फारसं बघितलं जात नाही, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतः प्रेमचंद यांनीही बँकेकडून मोठाली कर्जं उचलली होती. म्हणजे कंपनी काढणारे तेच, शेअर वाटणारे तेच, शेअरचा भाव चढवणारे तेच आणि त्या शेअरवर कर्ज कोणाला मिळावं हे सांगणारेही तेच.

त्यात भर पडली वायद्याच्या सौद्यांची. आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर पुढच्या तारखेला द्यायचे. खिशात दमडी नसली तरी लाखाचा सौदा करता यायचा. १८६५ च्या सुरुवातीला झालेल्या असंख्य सौद्यांची तारीख एकच होती, १ जुलै.

याच दिवसांत प्रेमचंद दोन्ही हातांनी दानही करत होते. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि काही महिन्यांत घड्याळाच्या टॉवरसाठी आणखी २ लाख. टॉवरला आईचं, राजाबाईंचं नाव द्यावं एवढीच इच्छा. राजाबाईंना दिसत नव्हतं, जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवावं लागायचं आणि घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून हा टॉवर, अशी एक गोष्ट मुंबईत सांगितली जाते. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी २ लाख रुपये दिले. गुजरातेत शाळा, ग्रंथालयं आणि अहमदाबादचं शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज यांना पैसे दिले.

त्यामुळे प्रेमचंद यांना सरळ लबाड म्हणून मोकळं होता येत नाही. लोकांचे पैसे घेऊन पळून जायचा त्यांचा विचार होता, असं दिसत नाही. आपण जे बांधतोय ते उभं राहणार, असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं. त्यांनी आपला पैसाही त्याच कंपन्यांत घातला होता. घोळ झाला तो इथेच. सगळी कमाई, सगळं कर्ज आणि सगळी पत एकाच गोष्टीवर लागली होती, ती म्हणजे अमेरिकेतलं युद्ध इतक्यात संपत नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला.

बातमी मुंबईत पोहोचली आणि कापसाचा भाव घसरायला लागला. अमेरिकेचा कापूस परत बाजारात येणार म्हटल्यावर भारताचा कापूस चढ्या भावाने कोण घेणार? कापूस पडला म्हणून व्यापारी पैसे उभे करायला शेअर विकू लागले. सगळेच विकू लागल्यावर शेअर पडले. शेअर पडले म्हणून बँकांकडे असलेल्या तारणाची किंमत गेली. वर चढताना जी साखळी होती, तीच आता उलटी फिरली.

मे महिन्यात बेहरामजी होरमसजी कामा या मोठ्या पारशी व्यापाऱ्याची पेढी बुडाली. देणं ३ कोटींहून जास्त. मग एकामागून एक नावं पडू लागली. तरीही काही जण आशा धरून होते की १ जुलैपर्यंत बाजार सावरेल.

१ जुलै १८६५ उजाडला. ज्यांनी शेअर घेण्याचा सौदा केला होता त्यांच्याकडे पैसे नव्हते. ज्यांना ते पैसे मिळणार होते, त्यांनी त्या भरवशावर पुढचे सौदे केले होते. एकाने हात वर केले की त्याच्यामागे दहा जण पडत होते. मुंबईच्या बाजारात हा दिवस काळा दिवस म्हणून कायमचा लक्षात राहिला.

बॅक बेच्या ज्या शेअरसाठी लोक लव्ह लेनला रांगा लावत होते, त्याला गिऱ्हाईक मिळेना. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर एके काळी २,८५० रुपयांवर गेला होता, तो ८७ रुपयांवर आला. दिवाळखोरांची संख्या इतकी झाली की नेहमीच्या कोर्टाने हे निपटणं शक्य नव्हतं. सरकारला १८६५ साली त्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला.

यात कोण कोण पोळलं? नामवंत डॉक्टर आणि संशोधक भाऊ दाजी लाड यांची मोठी कमाई या शेअरच्या नादात गेली. नसरवानजी टाटा यांची पेढी अडचणीत आली. त्यांचा पंचविशीतला मुलगा तेव्हा लंडनमध्ये होता. प्रेमचंद यांच्या साथीने तिथे एक भारतीय बँक उभी करायची, असा बेत होता. मुंबईची बातमी आली आणि बँक उभी करण्याऐवजी लंडनच्या धनकोंना तोंड द्यायची वेळ त्याच्यावर आली. तो मुलगा म्हणजे जमशेदजी टाटा.

प्रेमचंद यांचं तर सगळंच गेलं. जी माणसं पहाटे बंगल्यावर यायची, तीच आता त्यांना शिव्या घालत होती.

मुंबईची झळ गावापर्यंतही गेली. तेजीच्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार कापसाच्या एकरामागे १०० रुपये आगाऊ द्यायला तयार होता, कारण सावकाराला मुंबईचा व्यापारी पैसे पुरवत होता. युद्ध संपल्यावर वरून येणारा पैसा आटला. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुनी वसुली सुरू केली. वरून सारा वाढलेला. दहा वर्षं ही धग आतल्या आत राहिली आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. पुढे हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. बॅक बेचा शेअर या शेतकऱ्यांनी कधी पाहिलाही नव्हता.

मुंबई शहराचं काय झालं हे शिरगणतीच सांगते. १८६४ साली ८ लाखांवर गेलेली लोकसंख्या १८७२ च्या शिरगणतीत ६,४४,४०५ होती. ज्यांच्यासाठी जमीन कमी पडत होती, ती माणसंच निघून गेली होती.

बँक ऑफ बॉम्बे काही काळ कशीबशी तगली. पण बुडीत कर्जांनी तिचं भांडवल जवळपास खाऊन टाकलं होतं. अखेर ती बंद करावी लागली. सरकारचीच बँक बुडाल्यामुळे लोक खवळले आणि १८६८ साली सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला.

आयोगासमोर प्रेमचंद यांचीही साक्ष झाली. बँकेचा पैसा त्यांच्याकडे आणि त्यांच्या शब्दावर इतरांकडे कसा गेला, हे उघड झालं. पण आयोगाने दोष एकट्या प्रेमचंद यांच्या माथी मारला नाही. १८६३ च्या कायद्याने काढून टाकलेली बंधनं, सचिवांनी केलेला अधिकारांचा गैरवापर, संचालकांचं दुर्लक्ष आणि तो काळच जगावेगळा असणं, अशी कारणं पुढे आली. सोप्या भाषेत सांगायचं तर ज्यांचं काम नाही म्हणायचं होतं, त्यांच्यापैकी कोणीच नाही म्हटलं नाही.

त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे सुरू झाली. पुढे १९२१ साली ती इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ साली इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. म्हणजे स्टेट बँकेच्या घराण्यात १८६५ ची ही जखम आहे.

प्रेमचंद यांचं वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास. इथे त्यांची गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही.

मुंबई सोडून ते कुठे गेले नाहीत. देणेकऱ्यांशी तडजोडी केल्या आणि परत दलालीकडे वळले. कापूस आणि शेअर, तेच दोन धंदे, पण आता आपल्या आवाक्यात. १८६४ सालचं वैभव त्यांना परत कधी मिळालं नाही, पण बाजारात त्यांच्या शब्दाला परत किंमत आली. यासाठी त्यांना पुढची कित्येक वर्षं खर्चावी लागली.

मधल्या काळात दलालांनाही शहाणपण आलं होतं. वडाखालून हाकलले जात जात १८७४ मध्ये त्यांनी एक कायमची जागा धरली. ती गल्ली पुढे दलाल स्ट्रीट झाली. १८७५ साली दलालांची संघटना उभी राहिली, द नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. त्याच्या संस्थापकांत प्रेमचंद रायचंद यांचं नाव घेतलं जातं. कोणी सौदा करावा, कोणी करू नये, शब्द मोडला तर काय, याचे नियम हवेत हे ज्यांनी ते नसण्याची किंमत मोजली होती, त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती.

इकडे विद्यापीठाच्या आवारात टॉवरचं काम चालू होतं. पैसे १८६४ सालीच विद्यापीठाला दिले होते, म्हणून ते वाचले. इंग्लंडचे प्रसिद्ध वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी भारतात पाऊलही न ठेवता आराखडा काढला होता. १८७८ साली राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय पूर्ण झालं. कलकत्त्यात प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. ती मिळणं म्हणजे बंगालमध्ये विद्वत्तेवर शिक्कामोर्तब होणं. पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी आणि मराठ्यांच्या इतिहासासाठी महाराष्ट्राला माहीत असलेले जदुनाथ सरकार, दोघेही या शिष्यवृत्तीचे मानकरी.

१९०६ साली वयाच्या पंचाहत्तरीत प्रेमचंद रायचंद वारले.

आणि त्या जमिनीचं काय झालं?

बॅक बे कंपनी गुंडाळली गेली. तिच्या भरावाची अरुंद पट्टी रेल्वेच्या कामी आली. एल्फिन्स्टन कंपनीचा बंदराकडचा भराव सरकारने विकत घेतला आणि १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. बॅक बेच्या भरावाचं काम सरकारने १९२० च्या दशकात परत हातात घेतलं. तेव्हाही खर्चाचे आकडे फसले, वीर नरिमन यांनी त्यातला गोंधळ चव्हाट्यावर आणला आणि पुन्हा एकदा बॅक बे म्हणजे फसवणूक असं समीकरण झालं. तरीही त्यातूनच मरीन ड्राइव्ह झाला. त्यानंतर कित्येक वर्षांनी आणखी भराव पडला आणि नरिमन पॉईंट उभं राहिलं. देशातल्या सगळ्यात महागड्या जागांमध्ये त्याची गणना होऊ लागली.

म्हणजे बॅक बेमध्ये जमीन तयार होऊ शकते आणि ती एक दिवस सोन्याच्या भावाने जाईल, हा अंदाज चुकीचा नव्हताच. चुकला तो वेळेचा हिशेब. ज्या जमिनीला उभं राहायला शंभर वर्षं लागणार होती, तिच्यावर लोकांनी १ जुलैला फेडायचं कर्ज काढलं होतं.

राजाबाई टॉवरचं घड्याळ अजून चालतं. त्याच्यापासून थोड्या अंतरावर एका बाजूला दलाल स्ट्रीट आहे आणि दुसऱ्या बाजूला बॅक बेचा समुद्र. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली स्वतःजवळ ठेवलेला पैसा वर्षभरात गेला. त्याच वर्षी आईच्या नावाने विद्यापीठाला देऊन टाकलेला पैसा मात्र २८० फूट उंच होऊन तिथे उभा आहे.